आईच्या चमच्यासाठी साडेपाच व्होल्ट

लकवा मारल्यापासून आई फक्त माझ्या हातून खायची, बाबांच्या नाही. सकाळी तिला चारून मी करडीहून भंडाऱ्याला कामाला जायचे ते संध्याकाळीच परत. बाबा दुपारी ताट घेऊन बसत, ती भिंतीकडे तोंड फिरवी. "नवऱ्याच्या हातानं खाऊ? लाज नाही का वाटत?" अडखळत का होईना, पण म्हणायचीच. गोळ्या उपाशीपोटी जात होत्या. डॉक्टरांनी मला झापलं. तिच्या गळ्याची हाडं वर आली होती आणि मी अगदी रडकुंडीला आले होते.

मोबाइल दुरुस्ती करते मी, म्हणून डोक्यात किडा वळवळला. तीन सर्वो मोटरी, म्हणजे सांगू तेवढंच वळणाऱ्या छोट्या मोटरी, त्यांना हुकूम देणारा एक सर्किट बोर्ड, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, टोकाला चमचा. चांगल्या हाताच्या बोटानं बटन दाबलं की चमचा घास उचलणार आणि तिच्या ओठांसमोर थांबणार. कुणाची मिनतवारी नको.

आधी मी मूर्खासारखी मोटरींना बोर्डातूनच वीज दिली. घास उचलताना मोटरी एकदम जोर मागतात, तो त्या बोटभर बोर्डाला कुठून झेपणार? तो बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा, चमचा थरथरायचा, पेज आईच्या छातीवर. ती पदरानं पुसायची. मग मला अक्कल आली. मोटरींची वीज वेगळी केली. धानावरच्या फवारणी पंपाची बारा व्होल्टची बॅटरी घेतली, तिच्यापुढे फ्यूज, त्यापुढे व्होल्टेज उतरवणारं छोटं मॉड्यूल. त्यावरचा बारीक स्क्रू मीटर लावून साडेपाच व्होल्टवर आणला, तेव्हाच मोटरी जोडल्या; त्याहून जास्त दिले की त्या बिथरून जळतात. बोर्डाची आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर तेवढी एकत्र. थरथर गेली. चमचा दाताला लागू नये म्हणून चाल मुद्दाम हळू ठेवली. हे बाबांना सांगायचं राहिलं. तिथंच मी माती खाल्ली.

रविवारी दुपारी आईसमोर यंत्र मांडलं. दोन रिकाम्या फेऱ्या झाल्या आणि आई चक्क हसली. मी वरण-भात कालवायला आत गेले.

आमच्याकडे धानाला पाणी सुरू झालं की गावभर मोटरपंप चालतात, बल्ब लाल पडतो, पंखा रेंगाळतो. मग जो तो उठून स्टॅबिलायझरचं बटन वर चढवतो. बाबांनी जन्मभर तेच केलेलं. आईनं पुन्हा बटन दाबलं, चमचा रेंगाळताना दिसला, तसा त्यांनी पेचकस घेतला आणि तो स्क्रू चढवला. पुन्हा चढवला.

आईची किंकाळी ऐकून मी धावले. चमचा फाडकन तिच्या ओठावर बसला होता, रक्त आलं होतं, आणि तिन्ही मोटरींतून जळका वास. मी वायर उपटली.

"कोनं हात लावाले सांगतलं तुमाले?"

"व्होल्टेज कमी वाटलं वं मले," बाबा म्हणाले. "हळू चालून राहिलं होतं. तिले भूक लागली होती."

"सत्यानास केला तुमी! उपाशी मरू द्या आता तिले!"

बोलू नये ते सगळं बोलले मी. म्हातारा माणूस पेचकस धरून खाली मान घालून उभा. त्या स्क्रूवर मी थेंबभर गोंद टाकला असता तर तो फिरलाच नसता, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर जास्तच ओरडत होते.

"बस वं," आई म्हणाली. "बापाले नोको बोलू." मग बाबांकडे न बघता, "आना ताट. चारा तुमी."

बाबांच्या हातून अर्धा भात खाली सांडत होता. ती डोळे गच्च मिटून एकेक घास गिळत होती, गालांवरून पाणी वाहत होतं, ओठाचं रक्त भाताला लागत होतं. ताट संपेपर्यंत थांबली नाही. लकवा मारल्यापासून पहिल्यांदाच माझी आई बाबांच्या हातून पोटभर जेवली, आणि ती फक्त मला गप्प बसवायला.