सहा गोल आणि पोळ्याचं तोरण

दिग्रसचा कापसाचा जिनिंग कारखाना बंद पडला तेव्हा सगळ्या गावाचं तोंड उतरलं. माझ्या मनात मात्र पहिला विचार आला तो आवाराचा. कापसाच्या गाड्या येणार नाहीत, म्हणजे फुटबॉलला मैदान मोकळं! जनाची नाही तर मनाची लाज वाटायला हवी होती, पण गोलपोस्ट उभे करायच्या घाईत तेवढं राहून गेलं.

मी शाळेत पीटी शिकवायचो आणि संध्याकाळी शेतकऱ्यांच्या तरण्या पोरांचा संघ चालवायचो. दिवसभर कपाशीत डवरणी करून आलेली पोरं, दम भरपूर. दुसऱ्याला पास द्यायची सवय तेवढी कोणालाच नव्हती. आणि त्या मुरमाड आवारात आडवं पडायला तयार असलेला सगळ्या गावात एकच होता, आमचा गोलकीपर. तो नाही तर संघ नाही.

त्या वर्षी पोळा तोंडावर आला असताना दारव्ह्याच्या संघाने आम्हाला सहा गोल मारले. सहावा गोलकीपरच्या दोन पायांमधून गेला. त्या दिवसापासून तो सरावाला फिरकलाच नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदे शेकायच्या वेळी, मी त्याच्या घरी गेलो. तो बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळत होता. बैलांना उद्याच्या जेवणाचं आवतण होतं, मला साधं पाणीही कोणी विचारलं नाही. मी हिंमत, जिद्द, सिंह असं चांगलं भाषण केलं. सिंहापर्यंत आलो तेव्हा तो म्हणाला, "सर, बाजूले व्हा, बैल लाथ मारते."

"काहून रुसला बे?"

"रुसलो नाही, सर. उद्या तोरनाखाली माह्यावर झडत्या म्हनतीन. माह्यासाठी काही नाही, पन माह्या बुढ्यानं मान कायले खाली घालाची? मी खेळनंच सोडलं."

त्याची भीती खरीच होती. पोळ्यात तोरणाखाली बैल उभे राहिले की आमच्याकडे एकमेकांची टर उडवणारी कवनं, म्हणजे झडत्या, मोठ्याने म्हणतात. त्या वर्षी कापसाचे व्यापारी, बोंडअळी आणि पुढारी यांची पाळी होतीच. सहा गोल खाणारा कसा सुटेल? खेळाडूंवरच्या दडपणाबद्दल पुस्तकं लिहिणाऱ्यांना एकदा आमच्या पोळ्यात उभं केलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी बैल आले, त्याच्या म्हाताऱ्या बापाने आणले. पोरगा बैलाच्या पलीकडे लपून उभा. व्यापाऱ्यांची धुलाई झाली, बोंडअळीची झाली. मग बाजार समितीतल्या एका हमालाने आमच्या गोलकीपरकडे पाहून मिशीवर ताव दिला आणि घसा खाकरला. त्याने तोंड उघडायच्या आत मीच ओरडलो:

"पाट रे पाट, पान्याचा पाट,
मास्तरनं लावली टीमची वाट!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

"हर हर महादेव!" सगळा पोळा हसत गरजला. पीटीच्या मास्तराने स्वतःवरच झडती म्हटलेली कोणी ऐकली नव्हती. हमालाचा चेहरा तर घास हिसकावल्यासारखा झाला. तेवढ्यात बैलाच्या पलीकडून आवाज आला:

"खाट रे खाट, बाजेची खाट,
पोट सुटलं मास्तरचं, म्हने धावा सुसाट!"

माझं पोट खरंच सुटलं होतं, त्यामुळे लोकांना हसायला जास्तच जोर आला. सगळ्यांत मोठ्याने त्याचा बाप हसला. मला राग आला, खोटं कशाला बोलू! पण पोरगा बैलाच्या अलीकडे आला होता.

"सर, उद्या पोळ्याची कर हाये, सुट्टी. परवा येतो सरावाले," तो म्हणाला.

त्यानंतर महागावात आम्ही पुन्हा हरलो. एकच गोल खाल्ला, पण हरलो. परतीच्या जीपमध्ये मी तोंड पाडून बसलो होतो आणि मागे गोलकीपर पुढच्या पोळ्यासाठी झडती रचत होता, अर्थात माझ्यावरच. शेवटच्या ओळीला यमक काही सापडेना. बराच वेळ ऐकून घेतलं, शेवटी न राहवून मीच जुळवून दिलं.

त्याने मागून माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास, सर," म्हणाला, "तुमी सुधरून राह्यले."