एक टायर आणि आप्पांचं 'चालतंय की'

कोल्हापूरजवळच्या शिरोलीहून सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं. सात वाजले तरी आप्पा फौंड्रीच्या दारात उभे राहून, "रेल्वेनं गेलं तर न्हाय का चालायचं?" हेच विचारत होते. चार दिवसांत त्यांनी हा प्रश्न इतक्या वेळा विचारला होता की मी उत्तर द्यायचं सोडून दिलं होतं. दिल्लीजवळच्या ट्रॅक्टर कंपनीत उद्या सकाळी हजर व्हायचं होतं, आणि रेल्वे काही आप्पांसाठी उडणार नव्हती.

आप्पा म्हणजे आमचे मालक. मूळचे जयसिंगपूरचे, कपाळावर विभूती, आणि आवाज भट्टी चालू असतानाही गेटपर्यंत जाणारा. मी त्यांच्याकडे माल तपासायला होतो. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही ट्रॅक्टरच्या चाकाचे हब (बैलगाडीच्या भाषेत तुंबे) ओतायचो. एका दिवशीच्या ओतणीतले काही हब मी कापून बघितले, तर पोटात ब्लोहोल (ओतताना आत राहिलेली हवेची पोकळी) निघाले. मी त्या दिवसाच्या सगळ्या मालावर लाल रंगाची नापासाची फुली मारली. आप्पा म्हणाले, "आतलं कुनाला दिसतंय? चालतंय की."

हे 'चालतंय की' मी बारा वर्षं ऐकत आलो होतो. आता आप्पांनी असा मार्ग काढला होता की कंपनीच्या साहेबांनी सवलत द्यायची, मी 'माल वापरण्याजोगा' अशा कागदावर सही करायची, आणि माल रवाना. मी सही करणार नाही म्हटलं. तर म्हणाले, "मग चला माझ्यासंगं दिल्लीला. तिथं ठरवू." तो बिनसहीचा कागद माझ्या खिशात होता. सही केली नाही तर नोकरी राहील का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पुण्यापर्यंत जीप आप्पांनीच चालवली. खंबाटकीच्या घाटात ऐन वळणावर त्यांनी उसाचा ट्रक ओलांडायला घेतला आणि समोरून एसटी आली. माझे पाय आपोआप नसलेला ब्रेक दाबत होते. आप्पांचा एक हात स्टिअरिंगवर, दुसरा भडंगाच्या (आमच्याकडचे तिखट कुरकुरीत चुरमुरे) पिशवीत. जीप कशीबशी आत घेतली आणि मला म्हणाले, "देसाई, विमानाला वर ब्रेक नसतंय न्हवं?" मी तिथंच उतरून चालत कोल्हापूर गाठणार होतो.

लोहगावला विमानतळावर सामान यंत्रातून जायला लागलं. नमुन्यासाठी आणलेला अख्खा हब आप्पांच्या बॅगेत होता. पडद्यावर काळाकुट्ट गोळा दिसला आणि पोलिसानं आम्हाला बाजूला घेतलं.

"काय आहे हे?"

"तुंबा हाय, साहेब. ट्रॅक्टरचा. ह्याच्या आतलं दिसतंय का तुमच्या मशिनात?"

"नुसतं काळं दिसतंय."

आप्पा माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर विजय. "बघितलासा? विमानतळाच्या मशिनाला बी भोक दिसंना!" मागे उभी असलेली रांग माझ्याकडेच बघत होती. लाजेनं मला कुठं तोंड लपवू असं झालं.

विमानात चढायच्या वेळी कळलं की उशीर आहे. चौकशीच्या खिडकीवरच्या मुलीनं सांगितलं, "टायर बघताहेत." आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. मी त्यांना काचेपाशी घेऊन गेलो, म्हटलं, स्वतःच बघा.

विमान समोरच उभं होतं. चाकाजवळ एक किरकोळ अंगाचा मेकॅनिक उकिडवा बसला होता. टायरवर कुठंतरी चीर असावी, इथून दिसत नव्हती. तो तिच्यात पट्टी घालून मापत होता, पुसत होता, पुन्हा मापत होता. तेवढ्यात खांद्यावर सोनेरी पट्ट्या असलेला वैमानिक खाली उतरला आणि हात पाठीमागे बांधून त्याच्या बाजूला उभा राहिला.

"आता बगा," आप्पा म्हणाले. "साहेब आला. आता म्हंतोय, चल, हुईल अॅडजस्ट."

मेकॅनिकनं वर न बघता मान हलवली. नाही. वैमानिकानं काहीतरी विचारलं. मेकॅनिकनं पुन्हा मान हलवली आणि कागदावर लिहिलं. वैमानिक तसाच, हात पाठीमागे ठेवून, जिना चढून परत गेला.

"एवढंच?" आप्पा थक्क झाले. "भांडला न्हाय? साधं वरडला बी न्हाय?"

"त्याचं काम विमान चालवायचं. हो-नाही म्हणायचं काम याचं," मी जरा चढ्या आवाजातच बोललो. बारा वर्षांचं साठलेलं होतं. "तो नाही म्हणाला की उडत नाही."

नवा टायर बसेपर्यंत आप्पा काचेपासून हलले नाहीत. मी दोन वेळा चहा आणला, दोन्ही वेळा थंड झाला.

विमान वर गेल्यावर त्यांनी गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी मुठीत धरली आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट. मध्येच ढगांत विमान हादरलं, भडंग सगळ्यांच्या मांडीवर सांडलं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "काका, रस्त्यावर खड्डे असतात ना, तसंच आहे हे. पट्टा बांधून बसा." आप्पांनी पट्टा आणखी आवळला. माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या.

"देसाई," ते इतक्या हळू बोलले की मी दचकलोच. "पडायचं भ्या न्हाय वाटत मला. पर ह्या इंजनाचा बी कुठला तरी तुकडा कुनी तरी वतला असंल न्हवं? तिथं बी माझ्यासारखा कोन तरी असंल. चालतंय की म्हननारा."

"असेल," मी म्हटलं. "पण माझ्यासारखाही असेल, आप्पा. आणि त्याचं ऐकत असतील."

दिल्लीपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या साहेबांनी आमचा हब हातातही घेतला नाही. त्यांना मालाची घाई होती. "तुमच्या इन्स्पेक्टरची सही असेल तर आम्ही घेतो," म्हणाले. झालं! ज्याची भीती होती तेच. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मी दमलो होतो. मुलीचं कॉलेज डोळ्यांपुढं आलं. मी खिशातला कागद काढला, पेनचं टोपणही काढलं.

आप्पांनी कागदावर पंजा ठेवला.

"ऱ्हाऊ द्या. हे न्हाय म्हंत्यात."

"पण मालक तर तुम्ही ना?" साहेबांनी विचारलं.

"मालक मीच हाय," आप्पा म्हणाले. "पर हे न्हाय म्हंत्यात. परत वतून देतो."

परतीच्या विमानातही त्यांनी माझं मनगट धरलंच. पण चढण्याआधी ते जिन्यापाशी थांबले, वाकून चाक बघून आले आणि मगच वर चढले. मागच्या लोकांनी आरडाओरडा केला तो मीच ऐकून घेतला.

शिरोलीत ते हब घणानं (मोठ्या हातोड्यानं) फोडून परत भट्टीत गेले. पुढं मला कितीतरी जणांनी विचारलं आहे, "विमान सुरक्षित असतं का हो?" मी त्यांना त्या उकिडव्या बसलेल्या माणसाबद्दल सांगतो. आपण ज्याच्या भरवशावर बसतो, त्याला नाही म्हणता येतं. माझी तरी भीती तिथंच मिटली.

आप्पा सुधारले असं मात्र समजू नका. महिन्याभरानं मी पुन्हा एक तुकडा कापून भिंग लावून बसलो होतो, तर ते पाठीमागे येऊन उभे राहिले. भोक त्यांनाही दिसलं. "चालतंय..." एवढं तोंडातून गेलंच. मी वर बघितलं नाही, नुसती मान हलवली.

जरा वेळानं मागे वळलो. आप्पा हात पाठीमागे बांधून उभे होते.

"लाल रंगाचा डबा कुठं ठेवलाय?" त्यांनी विचारलं.