तीन पाण्यानं धुतलेला पंप

जीभ माही पहिल्यापासूनच तिखट. माहेरीही त्याच्यावरून मार खाल्ला.

कोष बांधाले चारच दिवस उरले होते. आमच्या तांड्यातलं रेशमाचं पहिलं शेड माहं. करंगळीएवढ्या झालेल्या अळ्या तुतीचा पाला असा हाणून राह्यल्या होत्या, का लग्नाची पंगत परवडली! तुतीले लागून बांधाचा धुरा, धुऱ्यापलीकडं मोठ्या जाऊबाईची कपाशीची पऱ्हाटी. "तुह्या अळ्या कोषात जाईपर्यंत धुऱ्याकडं फवारत नाही," असा तिनं शब्द देल्ला होता.

ऑक्टोबरचं ऊन. दाराजवळच्या रॅकवर पाला टाकून झाला, तं बाकीचा कोमेजलेला दिसला. रोज मी त्याच्यावर ओलं गोणपाट टाको. त्या दिवशी आळस आला. आमच्या पऱ्हाटीवर औषध मारतो तोच पंप घेतला, साधं पाणी भरलं, पाल्यावर मारलं आन् तो पाला बाकीच्या रॅकवर टाकला. तीन पाण्यानं धुतला होता, सोडा टाकून!

तासाभरात अळ्या माना वर करून डोलाले लागल्या. तोंडातून हिरवं पाणी, अंग पिळवटलेलं. बाई गं! बाहेर पाह्यतो तं जाऊबाई पाठीवर पंप घेऊन वावरात.

"काहून वो, माहं बरं झालेलं पाहून पोटात दुखलं का? मारल्या ना माह्या अळ्या!" धुऱ्यावरून मी बोंब ठोकली. निंदणाऱ्या बाया उभ्या राहून आयकत होत्या. तोंडाले येईल ते बोलली. तिले लेकरू नाही, त्याच्यावरही बोलली.

"मी तं नाल्याकडं फवारून राह्यली बाई. वाराही तिकडंच हाय." एवढंच ती म्हणाली.

सांजच्याले मेलेल्या अळ्या टोपल्यानं खड्ड्यात टाकल्या. दाराजवळचा रॅक तेवढा मजेत खाऊन राह्यला होता. त्याले कोरडा पाला पडला होता, पंपाच्या आधी. पंपाचं झाकण काढून नाक नेलं. औषधाचा वास होता.

त्या हंगामात जाऊबाईनं धुऱ्याजवळच्या चार ओळी फवारल्याच नाहीत. "तिच्या उरल्या असतील त्या तरी जगू दे," असं बायाइले म्हणे. तिथं बोंडअळीनं बोंड ठेवलं नाही. मी रोज त्या ओळी पाहो आन् पाला तोडो. तिले "माहं चुकलं" म्हणायले ही तिखट जीभ अजून उचलली नाही.