आरशावरचं कुंकू

आपल्याला आजवर कुणी गंडवलं नाही, असं वेसाव्याच्या कोळीवाड्यातला महादू स्वतःच सगळ्यांना सांगत असे, तेव्हा ते खरं धरायला हरकत नाही. काचबिंदूने मात्र त्याला गंडवलं. डावा डोळा कधी गेला ते कळलंच नाही आणि उजव्याची तपासणी झाली तेव्हा कडेकडेचं सगळं जाऊन मधलं तेवढं उरलं होतं. गुरुवारी त्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. आहे ते टिकावं म्हणून हे करायचं, पण टिकेलच अशी शाश्वती नाही, असं डॉक्टर तोंडावर म्हणाले. महादू भ्याला आणि भ्याल्यावर तो नेहमी करतो ते त्याने केलं. भलताच हट्ट धरला.

हट्ट गुरूचा होता. त्याच्या बापाने होडीच्या नाळीवर, पुढच्या टोकाला बसून त्याला तो ठसठशीत ग्रह दाखवला होता. समुद्रावर सोबतीला दुसरं कुणी नसताना महादूने उभं आयुष्य त्याच्याकडे बघत काढलं. मग मुलीने, रुचिराने, एक दिवस मोबाइलवर फोटो दाखवला. गुरूच्या शेजारी चार चंद्र, एका ओळीत. महादूला ते जिव्हारी लागलं. एवढी वर्षं आपण ज्याला एकटा समजलो तो एकटा नव्हताच, आणि हे आपल्याला कळलं कधी, तर डोळे जायच्या वेळी. ते चार चंद्र ऑपरेशनआधी स्वतःच्या डोळ्याने बघायचे, हा तो हट्ट.

बुधवारी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. म्हणजे हाताशी उरली मंगळवारची संध्याकाळ. त्या सकाळी बापलेक मेट्रोने घाटकोपरला निमेशच्या दुकानात पोचले. दुर्बिणी विकण्यात निमेशची हयात गेली होती.

"काका, खोक्यावर सहाशे पट लिहिलंय ना, त्याला भुलू नका," निमेश म्हणाला. "आरसा केवढा रुंद आहे ते बघा, आणि खाली स्टँड घट्ट आहे का ते."

घट्टपणाची परीक्षा महादूने आपल्या पद्धतीने घेतली. प्रत्येक दुर्बिणीला त्याने खांद्याने हलका धक्का दिला. उंच तिपाईवरच्या देखण्या नळ्या बराच वेळ डुगडुगत राहिल्या. एक बुटकी, जाड, ठोकळ्यावर बसवलेली दुर्बीण तेवढी हलली नाही.

"ही," महादू म्हणाला.

"बाबा, मोबाइल अडकवायची क्लिपही घेऊ या. फोटो काढता येईल," रुचिरा म्हणाली.

"फोटो मी बगलाय. मना तो बगायचाय."

निघताना निमेशने पुन्हा बजावलं. तळातल्या आरशाला बोट लावायचं नाही, कापड तर मुळीच नाही. त्याचा मुलामा वरच्या बाजूला असतो, पुसायला गेलात की ओरखडे पडले म्हणून समजा.

घरी आणलेली दुर्बीण संध्याकाळी गच्चीवर मांडून महादू आंघोळीला गेला. सूर्य बुडत होता. आभाळात धूर होता, पण ढग नव्हते. गच्चीवर परत आला तर सोनूबाई, त्याची बायको, हातात ताम्हन घेऊन उभी होती. दुर्बिणीच्या पायाशी नारळ, नळीवर झेंडूचं फूल. महादूने नळीत वाकून पाहिलं. नळी आखूड आणि तोंडाशी उघडी, हात सहज तळापर्यंत जाणारा. आरशाच्या मधोमध हळदीकुंकवाचा ओला टिळा होता.

"काय केलंस गो ह्या?"

सोनूबाईला कळेना. या घरात नवं जाळं आलं, मशीन आलं, होडीवरचा वायरलेस आला, कुंकू लावल्याशिवाय कशाला हात लागला नव्हता. आणि आज तर नवऱ्याच्या डोळ्याचा प्रश्न होता.

"आज कुंकू नाय लावायचा, तर कवा लावायचा?" ती म्हणाली.

महादू तिच्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं, असं रुचिराला वाटलं. त्याने खांद्यावरचा पंचा काढला, टोक ओलं केलं आणि हात नळीत घातला. रुचिराने एका हाताने तो हात धरला आणि दुसऱ्या हाताने निमेशला फोन लावला. फोन वाजत होता, पण तो उचलत नव्हता. पूर्वेला गुरू दिसू लागला होता. तिने पुन्हा फोन लावला. महादू हात सोडवायला बघत होता.

"बोला," निमेशचा आवाज आला. तिने स्पीकर चालू करून भराभर सांगितलं.

"टिळा कडेला आहे की मधोमध?"

"अगदी मधोमध."

"मग राहू दे. नळीच्या तोंडाशी छोटा आरसा टांगलाय ना? त्याच्या आडोशामुळे मोठ्या आरशाच्या मध्याला आभाळ दिसतच नाही. काकांना सांगा, पंचा ठेवा आणि बघा."

महादूचा विश्वास बसला नाही. तरी पंचा खाली टाकून त्याने डोळा लावला. रुचिराने नळी वळवली, थांबली, पुन्हा वळवली. आधी नुसता अंधार. मग पांढरी चकती, आणि तिच्याजवळ टिपके. महादू मोजत होता. ओठ हलत होते, आवाज नव्हता. चौथ्याला तो थांबला आणि तसाच बराच वेळ राहिला.

सोनूबाई ताम्हन छातीशी धरून कठड्याला टेकली होती. दिसलं का, हे विचारायचं धाडस तिला होत नव्हतं.

"इकडं ये," महादू म्हणाला.

"मी कशाला? तुमी बगा. तुमचा वेळ जाईल."

"मी बगला. आता तू बग. पट्टी सुटल्यावर मना काय दिसला नाय, तर तुनाच सांगायचाय."

सोनूबाईने ताम्हन खाली ठेवलं, कुंकवाचं बोट पदराला पुसलं आणि वाकून डोळा लावला.

"एका अंगाला एक," ती हळूच म्हणाली, "दुसऱ्या अंगाला दोन."

"तिकडं तीन हायेत," महादू म्हणाला. "नीट बग. घाई नाय."