वखारीच्या फटी

मी लग्न होऊन कुरुळीला आले त्या वर्षी सासऱ्यांनी कांद्याची वखार बांधायला घेतली होती. घरात माणसं तीनच. सासरे, आमचे मालक आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. बापलेकांत सकाळ-संध्याकाळ एकाच गोष्टीवरून वाजायचं. पिंपरीकडे नवे कारखाने उभे राहत होते आणि ह्यांना कंपनीत जायचं होतं. सासऱ्यांना एकुलता एक मुलगा जमिनीवरून उठून जायला नको होता. शेवटी दोघांत ठरलं. यंदा कांदा काढल्या काढल्या चाकणच्या बाजारात न्यायचा नाही, दसऱ्यापर्यंत ठेवायचा. टिकला, तर मुलानं घरी राहायचं आणि कंपनीचं नाव काढायचं नाही. सडला, तर त्यानं खुशाल जावं.

मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं, मला ते घरी हवे होते. दिवसभर एक अबोल सासरा आणि दोन बैल यांच्या सोबतीला मी एकटी कशी राहणार होते? मी मनातल्या मनात कांद्याच्या बाजूने होते.

त्या वखारीसाठी सासऱ्यांनी चिंचवडच्या लाकूड कापायच्या गिरणीतून दोन गाड्या लाकूड आणलं. ओंडका चौकोनी कापताना त्याच्या बाजूच्या ज्या अर्धगोल फळ्या निघतात, सालीसकट, त्या. लोक त्या जळणाला न्यायचे. सासऱ्यांनी एकेका फळीची साल वाकसानं तासून काढली. साल ठेवली की आत भुंगा धरतो, म्हणाले. बाभळीचे खांब रोवले, त्यांच्या बुडाला डांबर फासलं, आणि फळ्या आडव्या ठोकत गेले. गोल पाठ बाहेर, म्हणजे पावसाचं पाणी ओघळून जाईल. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट. वर उसाच्या पाचटाचं छप्पर. गावातले लोक येऊन बघून जायचे. म्हातारा जळणाचं घर बांधतोय, अशी चेष्टाही झाली.

फळी धरायला हे असायचे. फट का ठेवायची, वारा कुठून येतो, कुठून जातो, ते सगळं सासऱ्यांनी ह्यांना समजावलं असणार. मी चुलीपाशी होते. मला कुणी काही सांगितलं नाही. बाईमाणसाला वखारीतलं काय सांगायचं?

माझं माहेर मावळात. आमच्याकडे भिंती कारवीच्या कुडाच्या. कुड उभा केला की त्याला शेणमातीनं लिंपायचं, आतून आणि बाहेरून, तेव्हा कुठे ती भिंत होते. नाही लिंपलं तर पाऊस चुलीत येतो. आई म्हणायची, ज्या घराच्या भिंतीतून उजेड दिसतो त्या घरातली बाई आळशी. लिंपण्यात माझा हात चांगला होता. लग्न ठरवताना आईनं माझ्याबद्दल दोनच गोष्टी सांगितल्या होत्या, त्यातली ती एक. त्या फटींच्या भिंतीकडे मी येता-जाता बघायचे आणि मला वाटायचं, हे काम अर्धवटच राहिलंय.

श्रावण लागायच्या आधी सासरे खेडला नणंदेकडे गेले. तिचं छप्पर गळत होतं. दोन दिवसांसाठी गेले आणि तिकडेच तापानं पडले. इकडे झड लागली. पावसाचे तिरपे फटकारे पश्चिमेकडच्या फळ्यांवर बसत होते आणि फटींतून तुषार आत जात होते. मी फटीत बोटं घालून पाहिलं तर कडेचे कांदे ओले लागले. दसऱ्याला अजून अडीच महिने होते.

नागपंचमीच्या तोंडावर घर सारवायचंच होतं. मी माती कालवली, शेण घातलं, गव्हाचं भुसकट घातलं, आणि आधी वखारीला लागले. पश्चिमेची भिंत झाली. मग वाटलं, वारा फिरला तर? म्हणून उत्तरेची. मग पूर्वेचीही. दाराच्या बाजूलाही एक फट ठेवली नाही. दोन दिवस कंबर मोडून लिंपलं. आज आठवलं तरी पाठ दुखते. हे रानातून आले, भिंतीपाशी थांबले, हात फिरवून पाहिला आणि काही न बोलता हातपाय धुवायला गेले. मला वाटलं, पसंत पडलं.

सासरे पंधराव्या दिवशी आले. बैलगाडीतून उतरले तेव्हाच त्यांना वास आला. मला दोन दिवसांपासून येत होता, पण मी म्हणत होते, गटाराचा असेल. त्यांनी वखारीचं दार उघडलं आणि आतली ऊब तोंडावर आली. वरचे कांदे कोंब काढून बसले होते, खालचे पाणी झाले होते.

"हे कुनी लिंपलं?" त्यांनी विचारलं.

"मी, मामंजी. पाऊस आत येत होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे पाहिलं. हे खाली बघत होते. सासरे घरात गेले, विळा घेऊन आले आणि एकेका फटीतली माती खरवडून काढू लागले. मी मदतीला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." संध्याकाळपर्यंत ते एकटेच खरवडत होते. कांदा तर गेलाच होता. मग ते कशासाठी खरवडत होते, ते त्यांनाच माहीत.

दसरा यायच्या आत हे सायकलवरून पिंपरीला जायला लागले. दिलेला शब्द सासऱ्यांनी पाळला, एकदाही अडवलं नाही. मग पाळ्या सुरू झाल्या. पहिली पाळी, दुसरी पाळी, ओव्हरटाइम. डबा पहाटे, जेवण अपरात्री, पुढे पोरं झाली तेव्हा, दिवसा हे झोपलेले म्हणून मी पोरांच्या तोंडावर हात ठेवायचे. रान सासऱ्यांच्या आणि माझ्या गळ्यात पडलं. नांगरट ते करायचे, बाकी सगळं मी. पुढे अकरा वर्षं आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून राबलो आणि कामापुरतं बोललो. ते गेले तेव्हा हे दुसऱ्या पाळीवर होते.

ह्यांची नोकरी संपली त्या आठवड्यात कंपनीतले एक दोस्त घरी आले. मी चहा घेऊन बाहेर आले तर हे सांगत होते, "राव, ही नसती ना, तर मी अजून नांगरच धरून बसलो असतो. मला कंपनीत जायचंय हे हिनं ओळखलं आणि म्हातारा गावाला गेल्यावर सगळी वखार लिंपून टाकली. एक फट ठेवली न्हाई. मी बघितलं आन गप बसलो." दोस्त हसले, वहिनी हुशार आहेत म्हणाले. ह्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं कौतुकानं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. तीस वर्षं हा माणूस माझे मनातल्या मनात उपकार मानत होता. मी कप खाली ठेवले आणि आत गेले. खरं काय ते सांगायला तेव्हा अंगात त्राण नव्हतं, नंतरही आलं नाही.

ह्यांचं ते असू दे. मला झोप लागत नाही ती सासऱ्यांमुळे. त्यांनीही तेच धरलं असेल का? माझ्याकडे पाहून मग ह्यांच्याकडे पाहिलं, ते काय समजून? अकरा वर्षं त्यांनी माझ्या हातची भाकरी खाल्ली, आजारपणात माझ्याच हातून पाणी प्याले, आणि मनात असेल की हिनंच माझा मुलगा घालवला. मला वाटायचं, चूक उघडच आहे, त्यात बोलायचं काय. मामंजी, फटी कशासाठी असतात हे मला ठाऊक नव्हतं, एवढं एक वाक्य होतं. ते मी त्यांना कधीच म्हणाले नाही.