कापड टिकेल तोवर

कापड दिसलं की आमच्या ड्रॉइंगच्या सरांचा हात स्वस्थ बसत नसे. खिडकीचा पडदा असो, टेबलावरचा कपडा असो, की दुकानदाराने समोर उलगडलेला तागा असो, सर कोपरा चिमटीत धरून आधी सरळ ओढायचे, मग तिरका ओढायचे आणि स्वतःशीच मान डोलवायचे. या नादात मुख्याध्यापिका मोठ्या बाईंच्या टेबलावरची दौत कितीदा तरी सांडली होती. मुलींच्या शाळेत हा छंद म्हणजे विस्तवाशी खेळ. पण सरांनी कुणाच्या पदराला कधी हात लावला नाही. अगदीच राहवलं नाही तर लांबून विचारत, "बाई, हे निव्वळ सुती की त्यात काही मिसळलंय?"

"तिरकं ओढलं की कापड ऐकतं, सरळ ओढलं की हट्टाला पेटतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. मी तेव्हा मानवतच्या त्याच शाळेत गणित शिकवत होते. मला ते वाक्य आणि ते गृहस्थ, दोन्ही सुरुवातीला सारखेच चक्रम वाटले. मला सगळं जागच्या जागी लागतं, आणि सरांच्या खिशातून कायम दोऱ्याची गुंडी लोंबत असे.

शाळा सातवीपर्यंतच होती. भाड्याच्या चार खोल्या आणि मधे उघडं अंगण. आठवीसाठी मुलींना गावाच्या दुसऱ्या टोकाला, मुलांच्या शाळेत जावं लागे आणि बहुतेक घरांतून कुणी पाठवतच नसे. आम्ही आठवीचा वर्ग मागितला की शिक्षण खात्याचं उत्तर ठरलेलं असे : मुली बसवणार कुठे, ते आधी दाखवा. अंगणावर टिनाचं शेड घालावं तर आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्याखाली भाकरी भाजून निघाली असती, मुलींचं काय सांगता?

त्यात ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. आसपासच्या गावांत घरं जळाली होती आणि आमच्या गावातही दोन वस्त्यांमधलं बोलणं तुटल्यासारखं झालं होतं. भीमनगरातली सुमन माझ्या सातवीच्या वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी. गणित फळ्यावर लिहून होईपर्यंत तिचं उत्तर तयार असे. तिची आई कांताबाई कापसाच्या जिनिंगमध्ये बारदान शिवायची. पुढच्या वर्षाचं विचारायला मी तिच्या घरी गेले तर ती म्हणाली, "तुमच्या शाळंत आठवी निघाली तर धाडते, बाई. पर गावाच्या त्या टोकाला न्हाई. एकलीच पोर हाय माझी." मी स्टाफरूममध्ये येऊन हे सांगितलं. सर खडू तासत बसले होते. ते म्हणाले, "मग अंगणावर कापड ताणू."

दुसऱ्या दिवशी ते एक लाकडी चौकट घेऊन आले. तिच्यावर त्यांनी स्वतःचं जुनं बनियन खिळ्यांनी ताणून बसवलं होतं. मोठ्या बाई म्हणाल्या, "सर, हे आत घ्या बरं, मुली बघतील." सरांना कुठलं भान! समोरासमोरचे दोन कोपरे उंच आणि दुसरे दोन खाली, असं ते बनियन घोड्याच्या खोगिरासारखं वळलं होतं. ते मला म्हणाले, "सपाट ठेवलं तर पाणी साचून पोट सुटेल त्याला. असं वळवलं की पाणी वाहून जातं आणि वारा आला तरी कापड फडफडत नाही. आता वारा किती जोर करील ते तुम्ही काढा." मी आकडेमोड करून सांगितलं की तुमचे खांब उपटून जातील. तेव्हा त्यांनी खांब जाड घेतले आणि पुन्हा माझ्याकडे आले. असं आमचं पुष्कळ दिवस चाललं. त्यातच कधीतरी मला ते चक्रम वाटेनासे झाले.

मोंढ्यातल्या एका अडत्याने कोरं जाड कॅनव्हास दिलं. सरांनी त्याच्या कडा आत वळवून, चंद्रकोरीसारख्या कापल्या. गावच्या शिंप्याने मुंडीच हलवली. "सर, कापताना चुकलं जणू तुमचं." सर म्हणाले, "कडेत दोर घालून ओढला की कळेल." चार कोपऱ्यांना लोखंडी दोर आणि प्रत्येक दोराला आवळायचा पेच. छत उभं राहिलं तेव्हा खरोखरच एक सुरकुती नव्हती. अंगणात गार सावली पडली आणि मुली त्या सावलीच्या कडेकडेने नाचायला लागल्या.

पण सरांना घाई झाली होती. तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येण्याआधी छत गळतं का ते बघायचं होतं. आमच्याकडे जिनिंगमध्ये कापसाला आग लागली तर विझवायला पाण्याचा पंप असतो. सरांनी तो मागून आणला आणि अख्ख्या गावादेखत छतावर पाणी मारलं. एक थेंब गळला नाही. सर टाळ्या वाजवत होते, तेवढ्यात दोर कुरकुरायला लागले. कोरं सुती कापड भिजल्यावर आटतं, हे झंपर शिवणाऱ्या पोरीलाही ठाऊक असतं. आधीच गच्च ताणलेलं ते कापड आटलं आणि त्याने एक खांब मुळासकट उपटून काढला. शिवण उभी फाटली आणि भिंतीचा एक कोपराही खाली आला. कुणाला लागलं नाही हे नशीब.

गाव पोट धरून हसलं. पुढे कितीतरी दिवस, कापड भिजवून घेतलंय ना, असं पानाच्या टपरीवरसुद्धा सरांना विचारायचे. सरही हसायचे. शिंप्याचा मुलगा होते ते स्वतः. "बाप असता तर त्यानं गजानं झोडपलं असतं मला," म्हणाले. पण त्या संध्याकाळी फाटक्या शिवणीपाशी ते एकटेच बसले होते. मी जवळ गेले तर मान वर न करता म्हणाले, "सुमनच्या आईला काय सांगायचं आता?"

सांगायला ते स्वतःच गेले. सोबत मीही होते. त्या दिवसांत आमच्या आळीतलं कुणी भीमनगरात जात नसे आणि आम्ही दोघं निघालो तेव्हा लोक ओट्यांवरून बघत होते. सरांनी मुलीचं नावही काढलं नाही. ते म्हणाले, "कांताबाई, तुमचा दाभण पाहिजे. आमच्या शिंप्याच्या मशीनला दुहेरी कॅनव्हास झेपत नाही." कांताबाईने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "या बारीला भिजवलंय का?" तिने विचारलं. "तुमच्याच जिनिंगच्या हौदात भिजत घातलंय," सर म्हणाले. कांताबाई हसली आणि दाभण शोधायला उठली.

ती जिनिंगमधल्या बायका घेऊन आली. शिवण लांबलचक. एका बाजूने दाभण घालायचा तर दुसऱ्या बाजूने कुणीतरी कापड ओढून धरायला हवं. ते बघून मुलींच्या आया एकेक करून ओढायला बसल्या, अडत्याची बायकोसुद्धा बसली. पहिल्या दिवशी कुणी कुणाशी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी अडत्याची बायको कांताबाईला म्हणाली, "किती जोरात वढायलीस गं, हात सोलला माजा." तिथून जी तोंडं सुटली ती शिवण संपेपर्यंत थांबली नाहीत. एकमेकींच्या सुना, दुखणारे गुडघे, सगळं त्या कापडात शिवलं गेलं असावं. मला तर त्या गलक्यात रडूच आलं.

साहेब परभणीहून भर दुपारी आले. घाम पुसत छताखाली खुर्चीवर टेकले, पाणी प्याले आणि म्हणाले, "पंखा कुठं लावलाय हो?" पंखा नव्हताच. उंच कोपऱ्यांखालून गरम हवा निघून जात होती आणि खालून झुळूक येत होती. तरी साहेबांना नियम मोडवेना. पक्कं छत ते पक्कं छत. बराच वेळ वर-खाली बघून शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. हे कापड टिकेल तोवर वर्ग चालवा." त्यांनी ते थट्टेनं म्हटलं असेल. सरांनी मात्र ते शब्दशः घेतलं. जूनमध्ये आठवी सुरू झाली आणि पहिल्या बाकावर सुमन बसली.

त्यानंतर सरांनी दुसरं काही केलंच नाही म्हणा ना. दर मे महिन्यात छत उतरवायचं, धुवायचं, विरलेल्या जागी ठिगळ लावायचं आणि शाळा उघडायच्या आत पुन्हा ताणायचं. कांताबाई आणि तिच्या बायका दरवर्षी येत. सुमन पुढे वर्गातल्या मुलींच्या सोबतीने गावाच्या त्या टोकाच्या शाळेत जाऊन मॅट्रिक झाली, डी.एड.ला परभणीला गेली, तरी कांताबाई येतच राहिली. पक्क्या इमारतीचे ठराव होत राहिले, इमारत काही झाली नाही. आठवीतून पास होऊन निघालेल्या मुलींचे चेहरे मला आता सगळे आठवतही नाहीत, इतक्या त्या होत्या.

मग सर निवृत्त झाले. नांदेडला मुलाकडे जायचं ठरलं. त्याच वर्षी कापडाने मान टाकली. ठिगळाला धरायला धड जागा उरली नाही, दोरा घातला की कापडच सुटून येई. सरांची अन्नावरची वासना उडाली. "बाई, वर्ग बंद पडतोय," ते मला म्हणत, "आणि मी निघालोय." मी धीर देत होते.

जायच्या दिवशी सकाळी ते पिशवी घेऊन शाळेपाशी आले. मी फाटकात उभी होते. आम्ही दोघं आत शिरलो आणि जागीच थबकलो. अंगणात नवं कोरं छत चढत होतं. जुनं कापड वर अंथरून त्याच्या मापाने बायकांनी नवं बेतलं होतं. जिनिंगच्या हौदात भिजवून, वाळवून, तिथल्याच शेडमध्ये शिवलं होतं आणि आम्हाला पत्ताही लागू दिला नव्हता. कोपऱ्यावर कांताबाई उभी राहून पेच फिरवत होती आणि पलीकडून अडत्याची बायको तिला "हळू, हळू" म्हणून ओरडत होती.

सरांनी पिशवी खाली ठेवली. "कांताबाई, तो खालचा कोपरा अजून जरा..."

"दिसायलंय मला," कांताबाई मागे न बघता म्हणाली. "तुमी जावा, सर. गाडी जाईल तुमची."

क्षणभर मला तिचा रागच आला. इतक्या वर्षांच्या माणसाला असं बोलायचं? मी सरांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते आणि तोंडभर हसू होतं. त्यांनी पिशवी उचलली.

"बाई, ऐकलंत का?" ते मला म्हणाले. "मला जा म्हणतायत."