बिनउजेडाची रोपं

माझ्या पनवेलच्या नर्सरीत गंगाबाई वीस वर्षं होती. चिरनेरहून एसटीने यायची. नवीन पनवेलातली मंडळी गॅलरीसाठी गुलाब न्यायला आली की ही आधी विचारणार, "पाणी कोन घालनार? नाव सांगा." नाव सांगता आलं नाही तर गुलाब मिळत नसे. माझं गिऱ्हाईक जायचं, पण विचारायची ते बरोबरच.

त्र्याण्णव साली माझी भाची नीता पीएचडी करत होती. मिरचीच्या बियांवर पेरण्याआधी लेसरचा लाल किरण काही मिनिटं सोडायचा आणि रोपं जोमदार येतात का ते पाहायचं, असा विषय. मुंबईच्या प्रयोगशाळेतून तिने दोन पुड्या आणल्या, एक किरण दिलेली, एक साधी. दोन वाफे केले, पाट्या लावल्या, निगा गंगाबाईकडे दिली. वर तिला सगळं नीट समजावूनही सांगितलं. तिथेच चुकलं.

महिन्याभराने पाहते तर साधा वाफा तरारलेला आणि लेसरचा आपला बेताचाच. नीता मोजपट्टी टाकून मटकन खाली बसली.

"मावशी, दोन वर्षं फुकट गेली. उद्या सरांना सांगते, विषय सोडला."

"रडून रोप वाढत नाही. ऊठ आधी," मी म्हटलं. पण माझं लक्ष मांजरांकडे होतं. गल्लीतली तीन मांजरं साध्या वाफ्यात नाक खुपसून बसली होती. लेसरच्या वाफ्याकडे एकही फिरकत नव्हतं.

"गंगाबाई, या वाफ्यात काय घातलंस?"

"कुटा. सुक्या मासळीचा. चार येळा."

"आणि त्या वाफ्यात?"

"त्याला कशाला? त्याला ताईंनी मुंबईत उजेड दाखवला. हे बिचारे तसेच रायले. आमी काय पोरांत असा भेद करतो?"

"अगं, मला सांगायचंस तरी!" नीता रडता रडता हसायला लागली.

"सांगितलं असतं तर तुमी नको बोलला असता."

पुन्हा पेरणी केली. या वेळी पुड्यांवर नुसते आकडे. उजेडाची कुठली ते फक्त नीताच्या वहीत. गंगाबाईने माझं डोकं खाल्लं. "बाई, उपाशी कुठले हायत तेवढं सांगा." मलाच माहीत नव्हतं, सांगणार काय? शेवटी तिने दोन्हीकडे कुटा अगदी सारखा घातला, वाटीने मापून.

महिन्याने नीताने आधी रोपं मोजली, मग वही उघडली. उजेडाचा वाफा बोटभर उंच निघाला. पोरीने उडीच मारली.

गंगाबाई मात्र दुसऱ्या वाफ्याशी उकिडवी बसून रोपांना सांगत होती, "झालं हो मोजून. थांबा, तुमचा वाटा आनते."